दावं विकत नसतात

गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात ती चालवू शकणारी मी एकटीच होते, आणि हे कृष्णकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फारसं रुचत नव्हतं. वकील माणूस. कोर्टात स्वल्पविरामावरून तास तास भांडेल, पण क्लच कोणता आणि ब्रेक कोणता हे त्याच्या पायांना कधी कळलं नाही. मी माहेरी वडिलांच्या गाडीवर शिकले होते. अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या नंदनवनात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, आणि साडी नेसून गाडी चालवणारी बाई बघायला लोक फाटकाशी येऊन उभे राहत. बघोत बापडे. मला गाडी हवी होती ती एवढ्याचसाठी, की घरातून निघताना 'कुठे चाललीस' हे विचारणारं कोणी सोबत नसावं.

गाडी मिळाली खाप्याला. विकणारे रुपराव संत्र्यांचे बागाईतदार, कन्हान नदीच्या काठाला त्यांचा मळा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मूलबाळ नव्हतं, म्हणून गाडी काढायची होती. ती काळी अँबॅसेडर त्यांनी आम्हाला दाखवली ती गोठ्यात. दोन्ही बाजूंना दोन बैल आणि मधे ही, तिसऱ्या बैलासारखी. तिच्या पुढ्यात गव्हाणसुद्धा होती.

"एकटी कशी ठेवू जी? त्यायच्यासंग राहते तं बरं वाटते तिले," रुपराव म्हणाले.

कृष्णकांतने माझ्याकडे बघून डोळा मारला. शहरी माणसाला खेड्यात गेलं की प्रत्येक गोष्टीची गंमत वाटते. रुपरावांच्या बायकोने, जयवंताबाईंनी, गोळाभात केला होता आणि त्यावर तेलाची धार धरताना हात आखडला नव्हता. जेवणं झाली, कागदांवर सह्या झाल्या, त्यांनी माझी ओटी भरली, आणि रुपरावांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. एकच.

"दुसरी?" कृष्णकांतने विचारलं.

दुसरी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली होती, सुतळीच्या जाड दोरात ओवून, बैलांच्या घुंगरमाळांच्या शेजारी.

"ते चाबी नाही जी, दावं हाये," रुपराव म्हणाले. "माणूस जनावर विकते, दावं नाही विकत. दावं गेलं का गोठ्याची बरकत गेली. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणा लागते."

अशिलाने असा व्यवहार केला असता तर माझ्या नवऱ्याने त्याला ऑफिसातून हाकलून दिलं असतं. पण ज्यांच्या घरी आत्ताच पोटभर जेवलो त्यांच्याशी किल्लीवरून हुज्जत कोण घालणार? मिठाला जागून आम्ही गप्प बसलो. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "कायद्याने गाडी आपली झाली. किल्लीचं काय, लोखंडाचा तुकडा तो." मीही हो म्हटलं. मला गाडी चालवायची घाई झाली होती.

त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण उत्तरा हिने नवऱ्याचं घर सोडलं.

मनोहररावांबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, कुणालाही विचारा, माणूस किती सज्जन म्हणून सांगतील. हळू बोलायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे, डोळ्यांत चटकन पाणी आणायचे. त्या सज्जन माणसाने उत्तराचा हात दोनदा मोडला होता. दुसऱ्यांदा प्लॅस्टर निघाल्यावर ती तशीच निघून, मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, या खेपेला तो मारूनच टाकेल." ती उगाच बोलणारी नव्हती.

तिला माझ्या घरी ठेवणं शक्य नव्हतं, तो पहिला तिथेच आला असता. आणि आलाच. रडला, चहा प्यायला, गेला. कृष्णकांतला मी काही सांगितलं नव्हतं. माणूस वाईट नाही, पण त्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही, आणि दोघे साडू वकीलच, कोर्टाच्या बाररूममध्ये रोज भेटायचे. उत्तराला मी शहराबाहेर हिंगण्याला नेऊन ठेवलं. आमच्या माहेरी पूर्वी कामाला असलेली पंचफुला आता तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या घरामागे एक खोली होती. दर बुधवारी शाळा सुटली की मी गाडी काढायची, डबा न्यायची, निंबाखाली गाडी लावायची आणि तासभर बहिणीपाशी बसायची. उत्तरा तिथे हळूहळू झोपायला लागली, जेवायला लागली. एकदा तर हसलीसुद्धा.

जूनमध्ये रुपराव आले. एस.टी.ने, गावरानी आंब्यांची पिशवी घेऊन. आधी ते गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात फिरवला, कानाशी काहीतरी बोलले. मोटारीला कान कुठे असतो ते मला ठाऊक नाही, त्यांना ठाऊक असावं. मग ओसरीवर बसून म्हणाले, "मागच्या हप्त्यात टायर बसला होता ना जी, मेडिकलच्या चौकात? पायात खिळा रुतला होता तिच्या."

मी म्हटलं, पंक्चरवाल्याने सांगितलं असेल. खाप्याचा कुणी तिथे असेल. नागपुरात कोण कुणाचा कोण निघेल याचा नेम नाही.

पुढच्या खेपेला ते भुट्टे घेऊन आले. कृष्णकांत घरी होता. चहा बशीत ओतता ओतता रुपराव कौतुकाने म्हणाले, "बाई गाडीले लय जपतात जी. दर बुधवारी हिंगण्याले जातात, पण उन्हात नाही ठेवत. निंबाखाली लावतात. उन्हानं रंग उडते तिचा."

कृष्णकांतने माझ्याकडे मान वळवली.

"हिंगण्याला?"

"शिवणाचा क्लास आहे," मी म्हटलं. "शाळेतल्या बाईंच्या ओळखीने."

"शिवण? तू?" गेली बारा वर्षं त्याच्या शर्टाची बटणं शेजारच्या शिंप्याकडून लावून येत होती. तो हसला, आणि हसण्यावारी गेलं म्हणून मी वाचले. रुपरावांना फाटकापर्यंत सोडायला मी गेले. विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं मी हिंगण्याला जाते ते?"

"कोण सांगीन?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ते सांगते ना."

गाडीकडे बोट केलं आणि काठी टेकत निघून गेले.

मला आधी राग आला. माझ्या रागाची जात अशी, की तो आला की भीतीला जागा उरत नाही. मी ठरवलं, म्हातारा कुणाला तरी माझ्या मागावर ठेवतो, त्याला पकडायचंच. एका रविवारी भर दुपारी, घरी कुणाला न सांगता, गाडी घेतली आणि अंबाझरीच्या तलावापाशी, पार टोकाला, जिथे माणूस नाही कुत्रं नाही अशा जागी नेऊन लावली. काचा वर केल्या. चारी बाजूंना नजर टाकली. कोणी नव्हतं. मग उगाच बसून राहिले, आणि बसल्या बसल्या मला रडू आलं. उत्तराचं, माझं, सगळ्याचंच. कुणाला दिसत नाही म्हणून मन भरून रडले.

पुढच्या आठवड्यात रुपराव शाळेत आले. आत आले नाहीत, फाटकाशी उभे राहिले, शिपायाकरवी मला बोलावलं. म्हणाले, "एकट्या काहून बसल्या होत्या जी तलावापाशी? इतकं नाही रडू बाई. जीवाले लावून नका घेऊ. जयवंता बी म्हणे, बाईले सांगून या."

एवढं सांगायला तो म्हातारा खाप्याहून आला होता. डोळ्यांवर सारा पडदा, पण त्या डोळ्यांत माया होती, खोटी नाही, खरी. तेव्हा मात्र रागाने माझी साथ सोडली.

त्यानंतरच्या बुधवारी उत्तरा म्हणाली, "ताई, मला दोन मिनिटं गाडीत बसव ना. मोटारीत बसून किती दिवस झाले." मी मागचं दार उघडलं. ती बसली आणि लगेच सरकून कडेला गेली.

"इथे कोणी बसलं होतं का?"

"नाही. मी एकटीच आले."

"सीट गरम आहे." तिने हात ठेवून पाहिलं. "आणि वास बघ. सरकीच्या ढेपेचा. गोठ्यात येतो तसा."

वास येत होता. मला तो रोज यायचा, सवय झाली होती. "जुनी गाडी आहे, येणारच," मी म्हटलं.

उत्तरा सावकाश उतरली. दार लावताना तिने आवाज होऊ दिला नाही. मनोहररावांच्या घरात ती तशी दारं लावायला शिकली होती, दुसऱ्या खोलीत कोणी ऐकत असल्यासारखी. म्हणाली, "पुढच्या वेळी बसने ये. ही आणू नकोस."

"बसने यायचं म्हणजे माझा सगळा दिवस जाईल."

"मग येऊ नकोस," ती म्हणाली, आणि मग माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली. मी तिला रागावले. भित्री आहेस म्हटलं. काय करणार, मोठ्या बहिणीला दुसरं येतं काय?

पुढचा बुधवार पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. शाळेला सुटी होती. सकाळी कृष्णकांत पोहे खाता खाता हसायला लागला.

"काल मनोहर भेटला होता. त्याला आपल्या खाप्याच्या म्हाताऱ्याची गंमत सांगितली. गाडी कुठे गेली, कुठे थांबली, सगळं घरबसल्या सांगतो, बहुतेक त्या खुंटीवरच्या किल्लीलाच विचारतो म्हटलं. अगं, तो तर पत्ताच विचारायला लागला. म्हणे एकदा दर्शन घेतो."

मी किल्ली घेतली आणि निघाले. कुठे जायचं ते पक्कं होतं. हिंगण्याला. उत्तराला उचलायचं आणि कुठेही न्यायचं, वर्ध्याला, अमरावतीला, कुठेही. बर्डीच्या चौकातून मला सरळ जायचं होतं.

गाडी उजवीकडे वळली.

आता मी वळवली की ती वळली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हात माझेच होते स्टिअरिंगवर. वळल्यावर मी स्वतःला समजावलं, की बरोबरच आहे, हिंगण्याला गाडी नेणं म्हणजे मनोहररावांना बोट धरून नेणं. त्याच्याआधी खाप्याला पोचायचं, ती किल्ली काढून घ्यायची, मुळावरच घाव घालायचा. माणूस स्वतःची समजूत किती झटपट घालतो. सावनेरच्या अलीकडे समोरून एक मोटारसायकल भरधाव गेली. मी वैतागून हॉर्न दिला.

रुपराव अंगणात होते. बैलांची खांदशेकणी नुकती झाली होती. पळसाच्या पानाने खांद्यांना लावलेलं हळदतूप उन्हात चकाकत होतं. गाडीचा आवाज ऐकून ते लहान मुलासारखे हसले.

"जयवंता, आली वं! पाय ना, एक दिवस आधीच आली!"

"मी किल्ली न्यायला आलेय, रुपरावजी," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही. हात लांब करून गाडी चाचपत आले, वाटीतलं उरलेलं हळदतूप तिच्या दोन्ही खांद्यांना, म्हणजे चाकांच्या वरच्या गोलाव्यांना लावलं आणि मायेने म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळून, "सकाळीच दाव्याले आवतन दिलं होतं जी. दरसाल देतो. नागपूरले असो का कोठी बी असो, आपल्या पोळ्याले येते ते."

"तुमच्याकडे कोणी आलं होतं का? मनोहरराव नावाचे?"

"हो जी, तुमचे पाहुणे! आत्ताच तं गेले, मोटारसायकलीनं. रस्त्यात नाही दिसले का? लय भला माणूस. रडला जी माह्यासमोर. म्हणे बायकोचं डोकं फिरलं, घर सोडून गेली, औषध द्यायचं हाये. बाई दर बुधवारी कोठी जातात ते विचारलं. मी सांगतलं. निंबाचं झाड, पाण्याची टाकी, मागच्या अंगाची खोली."

"काहून सांगतलं?" मी ओरडले. लहानपणीची बोली तोंडातून निघाली. "काहून सांगतलं तुम्ही?"

"त्यायनं विचारलं." ते गोंधळले. "विचारलं तं खोटं कसं सांगू बाई?"

मी धावत गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. काही नाही. घुरघुर नाही, खट्ट नाही. पुन्हा फिरवली. बिघडलेली गाडी कशी वाटते ते मला माहीत होतं. ही तशी नव्हती. जेवून निजलेल्यासारखी स्वस्थ होती.

"आज नाही चालत जी ते," रुपराव खिडकीशी येऊन म्हणाले. "खांद्याले हळद लागली. आवतन दिल्यावर जनावर जुपत नाही. पोळा करून जाईल ना. तुम्ही बी राहा, पुरणपोळी खा."

"अहो, तो तिला मारेल! माझ्या बहिणीला! चालू करा ही गाडी!"

त्यांचा चेहरा उतरला. हात जोडले. "माह्या हातात नाही जी. रीत हाये."

"गाडी माझी आहे!"

"तुमचीच हाये बाई. कागदावर तुमचंच नाव हाये. मी कोठी नाही म्हणतो?"

मी गोठ्यात शिरले. किल्ली खुंटीला होती, पण सरळ खाली लोंबत नव्हती. दोर तिरपा ताणला गेला होता आणि किल्लीचं टोक अंगणातल्या गाडीकडे रोखलेलं होतं. ओढ लागलेलं जनावर दाव्याला हिसका देऊन उभं राहतं तशी. वारा नव्हता. मी झडप घालून ती मुठीत धरली.

किल्ली गरम होती. आणि मुठीत धरल्याबरोबर सगळं आलं. निंबाची सावली, काचेवरून सरकणारी. मागच्या सीटवर उत्तराचं हलकं वजन आणि ती आत बसतानाचा तिचा रोखलेला श्वास. अंबाझरीचं माझं रडणं. गाडीत एकटी असताना मी जे बोलते, जे नुसतं मनात येतं, ते सारं, कृष्णकांतला घातलेल्या शिव्या, मेलेल्या आईशी केलेल्या तक्रारी, मुलं झाली नाहीत याबद्दल देवाला विचारलेलं एक वाक्य, जे मी जगात कुणापुढे उच्चारलं नव्हतं. सगळं तिथे होतं, त्या शेणामुताच्या वासात, घुंगरमाळांशेजारी, म्हाताऱ्याने कधीही मूठ मिटून बघावं म्हणून. माझं एकटीचं असं काहीच उरलेलं नव्हतं.

माझी मूठ सुटेना. जयवंताबाईंनी येऊन एकेक बोट सोडवलं. "सोडा वं बाई. जनावर भेते," त्या म्हणाल्या. त्यांनी 'भेते' गाडीला म्हटलं की मला, कळलं नाही.

मी पळत फाट्यावर गेले आणि मिळेल त्या एस.टी.त चढले. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सणाला गावी निघालेली माणसं, मांडीवर मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी घेतलेले लाकडी नंदी, पळसाच्या डहाळ्या. सगळे खुशीत. मी उभ्याने रडत होते आणि एका म्हातारीने मला विचारलं, "कोणी गेलं का वं माय?" मला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. नागपूरला उतरून हिंगण्याची बस पकडली. पोचेस्तोवर उन्हं कलली होती.

निंबाखाली मोटारसायकल नव्हती. खोलीचं दार उघडं होतं. उत्तराचं अंथरूण घडी करून ठेवलं होतं, चूल सारवलेली होती, आणि ती नव्हती. पंचफुला उंबऱ्यावर बसून होती, गालावर पाच बोटं उमटलेली.

"आले होते. मी कामावरून आली तं दारातच बसून होते," ती म्हणाली. "मले विचारत होते. मी काय सांगू? ते तं सकाळीच गेली."

मी तिथेच खाली बसले. "सकाळी? त्याच्या आधी?"

"मी कामावर जाले निघाली तवाच. कपड्याची पिशवी घेतली अन् निघाली."

"कुठे?"

"नाही सांगतलं."

"पंचफुला, खरं सांग. मी बसने आलेय. बघ, गाडी नाही आणली."

"तुमची आण, मले बी नाही माहीत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी विचारलं तं म्हणे, तुले सांगतलं का ताई तुझ्या पाया पडून काढून घेईन. ताईले कळलं का ताई भेटाले येईन. अन् आज ना उद्या ते त्या गाडीत बसन. म्हणून कोणालेच नाही सांगत म्हणे."

एवढंच. माझ्यासाठी निरोप नाही, काही नाही. निरोप ठेवला असता तर तोही मी गाडीत बसून मनात घोळवला असता, हे तिला कळलं होतं. आणि हिलाच मी भित्री म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी मी कृष्णकांतला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. मग उठून म्हणाला, "म्हाताऱ्याला नोटीस पाठवतो." मी म्हटलं, पाठव. कशाबद्दल पाठवशील ते मात्र मला समजावून सांग. गाडी आपली, कागद आपले, त्याने तुझ्या एका वस्तूला हात लावलेला नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, महाल भागातून मारबतीच्या मिरवणुकीच्या ढोलांचा आवाज येत असताना, गाडी दारात येऊन थांबली. आरशांना बेगड बांधलेली, बॉनेटवर गेरूचे हात उमटलेले, पुढे झेंडूचं तोरण. चालवत होते मनोहरराव. शेजारी रुपराव बसले होते.

"मलेच दिसत नाही, तं पाहुण्यायनं आणून देली," रुपराव म्हणाले. "येऊन बसले होते बिचारे माह्याकडं. म्हणे अजून नाही सापडली."

मनोहरराव उतरले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. "चारुताई," हळू आवाजात म्हणाले, "जरा गाडीत बसा."

कृष्णकांत पुढे झाला. मी त्याला हातानेच थांबवलं. मनोहररावांना त्यापूर्वी मी कधी तसं बघितलं नव्हतं. डोळे कोरडे होते. आज मी बसले नाही तर हा उद्या पंचफुलाकडे जाईल, परवा पुन्हा जाईल, हे मला स्वच्छ दिसलं. मला काहीच माहीत नाही, याची त्याला खात्री पटायलाच हवी होती.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट गरम होती. रुपरावांनी खिशातून ती खुंटीवरची किल्ली दोरासकट काढून मुठीत धरली आणि डोळे मिटले.

"विचारा तिला," मनोहरराव म्हणाले. "बायको कुठे आहे माझी?"

"बाई," रुपरावांनी हळूच विचारलं, "बहीण कोठी हाये?"

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मनात वर्धा आणलं, अमरावती आणलं, दूरच्या मावश्या आणल्या, आणि एकेकीच्या दाराशी जाऊन परत आले. कुठेही उत्तरा नव्हती. सारवलेली चूल होती, घडी केलेलं अंथरूण होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. गाडीत ढेपेचा वास दाट झाला. माझ्या मानेपाशी कुणीतरी श्वास घेत होतं, मोठा, ओलसर, धिम्मा. मी हलले नाही.

बऱ्याच वेळाने रुपरावांनी डोळे उघडले. त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांत पाणी होतं.

"यायले नाही माहीत जी," ते मनोहररावांना म्हणाले. "खरंच नाही माहीत."

"नीट बघा."

"पायलं ना. काहीच नाही तेथी." आणि मग माझ्याकडे वळून, फार कळवळून, "सख्ख्या बहिणीनं तुम्हाले बी नाही सांगतलं?"

मनोहररावांच्या तोंडावरचा रंग उतरला. ते कुणाकडे न बघता फाटक उघडून रस्त्याने चालायला लागले. आणि त्यांची पाठ बघता बघता मला कळलं. ती सुटली होती. कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही, म्हणून माझी उत्तरा सुटली होती.

पण रुपरावांची मूठ अजून मिटलेली होती. मी घाईने दार उघडलं, बाहेर पडले, चपला तिथेच टाकून अनवाणी समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या पार टोकापर्यंत गेले, आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिले तेव्हा कुठे रडले.